पंधरा हजारांचा कागद

माझं अक्षर चांगलं आहे. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे मोहल्ल्यात कुणाला अर्ज लिहायचा असला की माझ्याकडे येतात. रेशनकार्डातलं नाव, वीजबिलाची तक्रार, शाळा सोडल्याचा दाखला, वारसनोंद, सगळं लिहून दिलंय. कधी पैसे घेतले नाहीत. लोक दुआ देतात, आपल्यालाही बरं वाटतं.

पण एक कागद असा लिहिला की त्याची आजही लाज वाटते. चार ओळींचा होता. "आज झालेल्या अपघाताबाबत आमची कोणाविरुद्धही तक्रार नाही. आम्हाला नुकसानभरपाईपोटी रुपये १५,००० रोख मिळाले. यापुढे कोणतीही मागणी करणार नाही. हे लिहून दिले असे." शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. खाली माझ्या मामेभावाची सही, आणि साक्षीदार म्हणून माझी.

हे २०१८ च्या नोव्हेंबरातलं. मामेभाऊ सोलापुरात टाइल्स बसवणारा मिस्त्री. वय ३८. संध्याकाळी काम संपवून अक्कलकोट रोडनं मोटारसायकलवरून घरी येत होता. पेट्रोल पंपातून बाहेर पडणारी एक कार न बघता रस्त्यावर आली आणि त्याला उडवून गेली. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. उजव्या गुडघ्याखालचं हाड मात्र फुटलं होतं, सांध्यापर्यंत.

कारवाला वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगतो. तो पळाला नाही. स्वतःच्या गाडीत घालून त्यानं आधी जवळच्या दवाखान्यात आणि मग मोठ्या हॉस्पिटलात नेलं. फक्त हात जोडून म्हणाला, "पोलिसांचं लफडं नको, मी बघतो काय ते." आमच्याकडेही पोलिसांचं लफडं कुणाला हवं होतं? मुमानी रडत होत्या, त्याची बायको घाबरलेली. घरातला शिकलेला माणूस मी. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "मिटवून टाकू."

हॉस्पिटलच्या काउंटरवर विचारलं, कसं झालं? मीच सांगितलं, गाडी घसरून पडला. केसपेपरवर तसं लिहिलं गेलं. दुसऱ्या दिवशी पंधरा हजार आले आणि मी तो कागद लिहिला. त्या रात्री मला वाटलं, आपण फार शहाणपणानं एक मामला निस्तरला.

पहिल्या ऑपरेशनलाच एक लाख दहा हजार लागले. प्लेट बसवली. जखमेत पू झाला. जानेवारीत दुसरं ऑपरेशन. एकूण खर्च एक लाख शहाऐंशी हजार. त्याच्या बायकोच्या बांगड्या गेल्या, मोटारसायकल गेली, माझ्या पतसंस्थेतलं कर्ज निघालं. शेवटी पाय जमिनीला टेकला, तो चालायला लागला. पण गुडघा पूर्ण मिटत नाही. त्याला उकिडवं बसता येत नाही.

उकिडवं बसता न येणारा टाइल्स मिस्त्री म्हणजे काय, हे ज्याच्या घरात फरशीचं काम झालंय त्याला सांगायला नको. तो सकाळी नऊला खाली बसतो तो संध्याकाळीच उठतो. मस्जिदीत मागच्या रांगेत खुर्चीवर बसून नमाज पढता येते, शरियतनं ती सवलत दिली आहे. खुर्चीवर बसून फरशी बसवता येत नाही.

या सगळ्यातून मला जे शिकायला मिळालं ते इथे लिहितोय. मी वकील नाही. चुकीचा कागद लिहून नंतर चार वर्षं कोर्टाच्या बाकावर बसलेला एक मास्तर आहे, एवढाच माझा अधिकार.

पैसे कोण देणार होतं?

पहिली गोष्ट तर इतकी साधी होती की ती मला ठाऊक नसावी याचंच आश्चर्य वाटतं. रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक गाडीला निदान थर्ड पार्टी विमा असलाच पाहिजे, हे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ मध्ये आहे. हा विमा गाडीच्या मालकासाठी नसतो. त्याच्या गाडीनं ज्याचं नुकसान होईल, त्या तिसऱ्या माणसासाठी असतो. म्हणजे आमच्या मामेभावासाठी. कारवाल्याचा विमा चालू होता. आम्ही दोन्हीकडचे लोक हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पंधरा हजार की वीस हजार यावर घासाघीस करत होतो, त्याच्या खिशातले पैसे आमच्या खिशात कसे येतील हे बघत होतो, आणि ज्या कंपनीनं या कामासाठी वर्षाला हप्ता घेतला होता तिचं नाव कुणाच्याच तोंडी नव्हतं. माझ्या त्या चार ओळींनी कारवाल्याचा फायदा झाला नाही, आमचा तर नाहीच. झालाच असता तर फक्त त्या कंपनीचा.

आम्हाला हे कळलं ते शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या भावाकडून. तो वकील. त्यानं कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, हे अक्षर तुमचंच ना?" मग तोच कारवाल्याकडे गेला आणि त्याला समजावलं की पैसे तुम्हाला नाही, विमा कंपनीला द्यायचे आहेत. तुमच्यावर गुन्हा दाखल होईल, पण खरं ते सांगा. अल्लाह त्याचं भलं करो, त्या माणसानं पोलिसांना खरं सांगितलं. अपघातानंतर चाळीस दिवसांनी गुन्हा नोंदवला गेला.

हे कोर्ट कुठलं?

माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडमध्ये असतो. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "सर, इकडे छोट्या दाव्यांचं वेगळं कोर्ट असतं, वकील न घेताही जाता येतं." खरं आहे. तिथे २०२१ च्या मे महिन्यापासून रस्ता-अपघातातल्या पाच हजार पौंडांपर्यंतच्या दुखापतींचे दावे त्या छोट्या रस्त्यानं जातात, आणि लोकांना स्वतः भरता यावा म्हणून ऑनलाइन अर्ज ठेवला आहे.

आपल्याकडे लघुवाद न्यायालय हे नाव ऐकून काही लोक तिकडे जातात. पण अपघातातल्या दुखापतीची भरपाई तिथे मिळत नाही. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. ते जिथे आहे तिथे दिवाणी न्यायालयाला हा दावा ऐकण्याचा अधिकारच नाही, असं कलम १७५ सांगतं. दावा दहा हजारांचा असो की दहा लाखांचा, दरवाजा एकच. आमच्याकडे तो जिल्हा न्यायालयाच्या आवारातच आहे. आणि एक चांगली सोय अशी की अर्ज अपघात झाला तिथेच करावा लागतो असं नाही. अर्जदार जिथे राहतो तिथेही करता येतो. मुंबईला कामाला गेलेल्या पोराला तिथे गाडीनं उडवलं, तर त्याच्या आईबापानं सोलापुरात अर्ज केला तरी चालतो.

या न्यायाधिकरणानं संक्षिप्त पद्धतीनं काम चालवावं असं कायदा म्हणतो. फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा मागायचा नसतो. कोणती गोष्ट घडल्याची शक्यता जास्त, एवढंच तोलायचं असतं. हे सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. आम्ही वाचलो ते यामुळेच. विमा कंपनीच्या वकिलानं दोन कागद पुढे केले. एक हॉस्पिटलचा केसपेपर, "गाडी घसरून पडला". दुसरा माझ्या सुंदर अक्षरातला. मला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून विचारलं, "तुम्ही शिक्षक आहात. तुम्ही खोटं तेव्हा बोललात की आता बोलताय?" वीस-बावीस वर्षं मी मुलांना खरं बोलायला शिकवतोय. उत्तर देताना घसा कोरडा पडला. म्हणालो, "तेव्हा." कारवाल्याची साक्ष, पेट्रोल पंपावरच्या पोराची साक्ष आणि पहिल्या छोट्या दवाखान्यातल्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलेलं "कारची धडक" हे दोन शब्द, यांनी तारलं. गुन्हा उशिरा नोंदवला एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकालही आमच्या वकिलानं दाखवला.

बावीस टक्के म्हणजे किती?

सिव्हिल हॉस्पिटलनं अपंगत्वाचा दाखला दिला, २२ टक्के. विमा कंपनीचं म्हणणं सरळ होतं: २२ टक्के अपंगत्व म्हणजे २२ टक्के कमाई गेली.

इथे मला आपल्या न्यायव्यवस्थेबद्दल आदर वाटला तो सांगतो. २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं अपंगत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच प्रकारे हात गमावलेला सरकारी कारकून नोकरीत राहू शकतो, पण ड्रायव्हरची किंवा सुताराची सगळी रोजीरोटी जाऊ शकते. म्हणून न्यायाधिकरणानं आधी बघायचं की हा माणूस काय काम करत होता, आता काय करू शकतो. आमच्या वकिलानं डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "हे उकिडवं बसू शकतात का?" डॉक्टर म्हणाले, "नाही." दाखल्यात त्या गोष्टीसाठी रकाना नव्हता. न्यायाधीशांनी कमाईचं नुकसान ४० टक्के धरलं.

हिशेब कसा होतो तो लिहितो, कारण हा हिशेब कुणी सांगत नाही. अपघाताच्या वेळची महिन्याची कमाई घ्यायची. स्वतःचा धंदा करणारा चाळीसच्या आतला असेल तर पुढे वाढली असती म्हणून ४० टक्के मिळवायचे, हे प्रणय सेठी खटल्यातून २०१७ मध्ये ठरलं. त्याची वर्षाची रक्कम काढायची आणि वयानुसार ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. हे आकडे सरला वर्मा खटल्यात २००९ मध्ये ठरले: ३६ ते ४० वयाला १५, ४१ ते ४५ ला १४, असे उतरत जातात. मग त्यातला जितका टक्का कमाई गेली तितका घ्यायचा.

मामेभाऊ महिन्याला अठरा हजारांच्या आसपास कमवायचा. पण पुरावा? ठेकेदार रोख देई, वहीत खुणा करी, वही अपघातानंतर सापडलीच नाही. बँकेत पैसे टाकायची सवय नव्हती. न्यायाधिकरणानं मजुरीचा अंदाज धरून ९,००० घेतले. त्यात ४० टक्के मिळवले की १२,६००. वर्षाचे १,५१,२००. गुणिले १५ म्हणजे २२,६८,०००. त्याचे ४० टक्के, ९,०७,२००. अठरा हजार सिद्ध झाले असते तर हीच रक्कम बरोबर दुप्पट झाली असती. म्हणजे न सापडलेल्या त्या वहीची किंमत नऊ लाख सात हजार दोनशे रुपये होती. माझ्या वर्गात गणिताचं इतकं चांगलं उदाहरण मी कधी दिलं नव्हतं.

औषधोपचाराचे १,८६,०००, सहा महिने घरी बसल्याचे ५४,०००, वेदना आणि गेलेलं सुख याचे १,००,०००, येणं-जाणं, खुराक, सोबतीला माणूस याचे ३०,०००. एकूण १२,७७,२००. त्यातून आधी मिळालेले १५,००० वजा. माझा कागद शेवटी तिथे वजाबाकीत बसला. अर्ज केल्याच्या दिवसापासून ७ टक्के व्याज. निकाल मार्च २०२३ मध्ये लागला, अर्ज होता जून २०१९ चा.

सब्र आणि माफी

आता जे मला आपल्या लोकांना सांगायचं आहे ते. निकाल लागला तेव्हा मोहल्ल्यात दोन प्रकारचे सूर निघाले. पहिला: "तकदीरमध्ये होतं ते झालं, पैशासाठी कोर्टात कशाला जायचं? माफ करावं." दुसरा: "विम्याचा पैसा, त्यावर व्याज, हे जायज आहे का?"

पहिल्याचं उत्तर मला आपल्याच धर्मात सापडतं. चुकून कुणाच्या हातून माणूस गेला तर त्याच्या वारसांना दियत द्यावी, वारसांनी माफ केली तर गोष्ट वेगळी, असं कुराणाच्या चौथ्या सूरेत आहे. जखमांच्या भरपाईचे नियम फिकहच्या ग्रंथांत अवयवागणिक दिलेले आहेत. म्हणजे इजा झाली तर भरपाई मागणं हा लोभ नाही, हक्क आहे. माफ करणं ही त्याच्या पुढची, मोठ्या मनाची पायरी आहे. पण माफ कोण करतो? ज्याला आपला हक्क किती हे माहीत आहे तो. आम्ही पंधरा हजार घेऊन माफ केलं नव्हतं. आम्हाला भीती होती आणि माहिती नव्हती. त्याला मी सब्रचं गोंडस नाव दिलं होतं.

आणि एक विचारतो. ही माफी नेहमी गरिबालाच का करावी लागते? ज्याच्या घरात कमावणारा एकच आहे, त्याच्या बायकोला कुणी विचारलं होतं का, तू माफ केलंस का म्हणून? त्या कागदावर सही नवऱ्याची होती, साक्ष माझी होती. बांगड्या तिच्या गेल्या.

दुसऱ्या सुराबद्दल मी जपून बोलतो, कारण मी मुफ्ती नाही. मला समजतं ते इतकंच की विमा इथे मामेभावानं काढला नव्हता. नुकसान करणाऱ्यावर जी जबाबदारी आली ती कायद्यानं ठरवलेल्या मार्गानं भागवली गेली. व्याजाबद्दल मामेभावानं आपल्या आलिमांना विचारलं आणि मूळ रकमेपेक्षा जास्तीचे पैसे सवाबची नियत न ठेवता गरीब रुग्णांच्या औषधाला दिले. दुसरा कुणी वेगळं विचारेल, वेगळं करेल. पण या प्रश्नाच्या धाकानं मूळ हक्कच सोडून देणं, हे मला पटत नाही.

आता कायदा बदलला आहे

आमचा अपघात २०१८ चा होता म्हणून आम्ही वाचलो. तेव्हा अर्जाला मुदत नव्हती. १ एप्रिल २०२२ पासून नवीन तरतुदी लागू झाल्या आणि अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायची अट आली. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका, सहा महिने हीच मुदत धरा. माझं स्पष्ट मत आहे की ही अट गरिबांवर अन्याय करणारी आहे. ज्याचं हाड सहा महिन्यांत जुळलेलं नसतं, ज्याला आपलं अपंगत्व किती हेच कळलेलं नसतं, त्याला तुम्ही म्हणता, वेळ संपली. सहा महिने तर आमचे फक्त प्लेट आणि पू यातच गेले होते.

काही गोष्टी चांगल्याही झाल्या आहेत. अपघाताची खबर मिळाल्यावर पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल आणि पुढे सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा आहे, आणि तो अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं याची नीट अंमलबजावणी करा असं बजावलं. पण पोलिसांना कळवलंच नाही तर अहवाल कुठून जाणार? म्हणून पहिली पायरी पोलीस ठाणे हीच आहे. ज्याची आपल्याला सगळ्यात जास्त भीती वाटते तीच.

धडक देऊन गाडी पळून गेली, नंबर मिळाला नाही, तरी हात रिकामे नसतात. कलम १६१ खाली मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. कलम १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. मात्र ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. म्हणून सही करण्याआधी हिशेब करा. आमच्याबाबतीत अडीच लाख आणि पावणेतेरा लाख यांतला तो फरक झाला असता. २०२५ च्या मे महिन्यापासून अपघातग्रस्ताला ठरलेल्या हॉस्पिटलांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळण्याची योजनाही आली आहे. आणि रस्त्यावर पडलेल्याला उचलून नेणाऱ्याला पोलीस साक्षीदार व्हायची सक्ती करू शकत नाहीत, हे आता कायद्यातच लिहिलं आहे. मदत करायला घाबरू नका.

वकिलाचं म्हणाल तर "इतके टक्के द्या" म्हणत हॉस्पिटलच्या दारात भेटणाऱ्यांपासून सावध राहा. निकालाच्या रकमेवर फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कार्यालय जिल्हा न्यायालयातच असतं. लोकअदालतही आहे, पण तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नाही. आम्हाला तिथे चार लाख देऊ केले होते. कर्जाच्या ओझ्यानं मामेभाऊ तयार झाला होता. त्याच्या बायकोनं त्याला थांबवलं. या वेळी मी गप्प बसलो, ते बरं केलं.

एवढं असूनही माझी तक्रार राहतेच. ज्याचं बोट मोडलं, वीस दिवसांची मजुरी बुडाली, सतरा हजारांचं बिल झालं, त्यानं त्या एवढ्या मोठ्या दरवाजातून जावं आणि चार वर्षं थांबावं हे कसं जमायचं? तो पंधरा हजारच घेणार. अशा छोट्या दुखापतींसाठी तालुक्याच्या ठिकाणी, वकिलाशिवाय, साध्या मराठीतल्या एका पानाच्या अर्जावर तीन महिन्यांत निकाल देणारी व्यवस्था का असू नये? तोवर हॉस्पिटलच्या व्हरांड्यातले सौदे थांबणार नाहीत.

मामेभाऊ आता दुसऱ्या मिस्त्रींना घेऊन ठेके घेतो. स्टुलावर बसून उतार बघतो, दोरी लावून देतो, पोरांना ओरडतो. कमाई पूर्वीइतकी नाही. ठेक्याचे पैसे मात्र बँकेतूनच घेतो आणि प्रत्येक पोराची हजेरी वहीत लिहितो. वही घरी नेतो.

मी नववीच्या वर्गाला दरवर्षी अर्जलेखन शिकवतो. आजारपणाच्या रजेचा अर्ज, ग्रंथालयासाठी अर्ज. गेल्या दोन वर्षांपासून त्यात एक अर्ज वाढवलाय: पोलीस ठाण्यात अपघाताची फिर्याद. तारीख, वेळ, ठिकाण, गाडीचा नंबर, कुणी पाहिलं, कुठे लागलं. मागच्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "सर, शेवटी 'आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही' असं लिहायचं का?" कदाचित घरी कुणाच्या तरी कागदावर वाचलं असेल. मी म्हणालो, "नाही बेटा, ती ओळ लिहायची नाही."

मोहल्ल्यातले लोक अजूनही अर्ज लिहून घ्यायला येतात. समझोत्याचा कागद घेऊन आले तर मी त्यांना चहा देतो आणि विचारतो, पोलिसांत कळवलं का, डॉक्टरांनी केसपेपरवर काय लिहिलं, गाडीचा विमा बघितला का, घरातल्या बाईला विचारलं का. या चार प्रश्नांची उत्तरं घेऊन या म्हणतो, मग पेन उघडतो.